नुसती क्रीमच तर आहे!

आपल्याकडे औषधांची एक अलिखित उतरंड आहे. सलाइन सगळ्यात भारी. मग इंजेक्शन, मग गोळी, मग पातळ औषध. आणि सगळ्यात खाली ट्यूब. ट्यूब हे औषध नसतंच मुळी! ती बेसिनवरच्या कपाटात टूथपेस्ट आणि शेव्हिंग क्रीमच्या शेजारी राहते. तापाची गोळी एक घ्यायची की दोन, हे आपण आईला फोन करून विचारतो. घरात सापडलेली अर्धी वापरलेली ट्यूब मात्र कुणालाही न विचारता खुशाल फासतो. का? तर "नुसती क्रीमच तर आहे, पोटात थोडीच जातेय!"

आजचा लेख ह्या एका वाक्याविरुद्ध आहे.

संदर्भ सोरायसिसचा. मला स्वतःला तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षापासून आहे. कोपरं, गुडघे आणि डोक्यात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ह्या लेखाला चिठ्ठी समजू नका. पण औषधाच्या खोक्यात तो बारीक अक्षरांतला घडी घातलेला कागद असतो ना, तो शेवटपर्यंत वाचणाऱ्या थोड्या विक्षिप्त लोकांपैकी मी एक आहे. मॅन्युअल वाचल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही ही सवय कामामुळे लागलीय, दुसरं काही नाही.

आधी आजाराबद्दल चार ओळी, कारण गैरसमज ढीगभर आहेत. सोरायसिस संसर्गजन्य नाही. माझ्या शेजारी बसून, माझा टॉवेल वापरून तो तुम्हाला होणार नाही. तो अस्वच्छतेने होत नाही आणि 'रक्त खराब' झाल्यानेही होत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा विनाकारण चवताळते आणि त्वचेच्या पेशींची निर्मिती प्रचंड वेगाने सुरू होते. एरवी नवी पेशी खालून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो, इथे ते काही दिवसांतच उरकतं. मग माल साचतो, म्हणजे लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. हा आजार कायमचा जात नाही, पण काबूत ठेवता येतो, आणि चांगला ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली ठराव करून ह्या आजाराची गांभीर्याने दखल घ्यायला सगळ्या देशांना सांगितलं. आपल्या देशातल्या लोकांनी मात्र त्याची दखल गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे घ्यायची ठरवलेली दिसते.

दुकानाच्या काउंटरवर हा संवाद तुम्हीही कधी ना कधी ऐकला असेल. गिऱ्हाईक बाही वर करून कोपर दाखवतं. काउंटरवरचा मुलगा, ज्याचं फार्मसीचं शिक्षण झालंय की नाही देव जाणे, अर्धा सेकंद बघतो आणि मागच्या खणातून एक ट्यूब काढून ठेवतो. "हे लावा, चार दिवसांत फरक पडेल." आणि गंमत अशी की चार दिवसांत खरंच फरक पडतो! भानगड तिथूनच सुरू होते. औषध लागू पडलं नसतं तर माणूस पाचव्या दिवशी डॉक्टरकडे गेला असता.

ती ट्यूब बहुतेक वेळा स्टिरॉइडची असते. आता स्टिरॉइड म्हटलं की अर्धी जनता घाबरते आणि उरलेल्या अर्ध्या जनतेला आपण तेच लावतोय हे माहीत नसतं. माझं भांडण दोघांशीही आहे, पण क्रमाने घेऊ.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. संधिवाताच्या रोग्यांवर कॉर्टिसोनचा परिणाम दिसल्यावर हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन ह्या तिघांना १९५० साली नोबेल मिळालं. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन ह्यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावूनही काम करतं हे दाखवलं. तिथून पुढे त्वचारोगांच्या उपचारांचं चित्रच पालटलं. लावायचं स्टिरॉइड दाह शमवतं, पेशींच्या त्या बेफाम उत्पादनाला ब्रेक लावतं, खाज थांबवतं. सोरायसिसच्या मर्यादित चट्ट्यांवर आजही डॉक्टर पहिल्यांदा जी औषधं लिहून देतात त्यांत ते असतंच. मीही वापरतो.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम हा की 'स्टिरॉइड क्रीम' अशी एक वस्तू अस्तित्वातच नाही. ते एक अख्खं कुटुंब आहे. त्यात बाळाच्या त्वचेला चालेल इतकं सौम्य औषध आहे आणि मोठ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ करून टाकेल इतकं जालीमही आहे. अमेरिकेत त्यांचे ताकदीनुसार सात वर्ग करतात, ब्रिटनमध्ये चार. आणि इथे आपल्यासारखे आकडेबहाद्दर हमखास फसतात. ट्यूबवर लिहिलेलं असतं 'हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का' आणि दुसरीवर 'क्लोबेटासोल ०.०५ टक्के'. कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, दुसरं विसाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे एकदम माइल्ड. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य वर्गात येतं आणि क्लोबेटासोल सगळ्यात जहाल वर्गात! टक्केवारीवरून दोन वेगळ्या औषधांची ताकद कळत नाही. ट्यूबच्या दर्शनी भागावर ही ताकद सांगणारं काहीही नसतं. तिखट किती हे मिरचीच्या पाकिटावरही लिहितात हो.

"पण पोटात थोडीच जातेय" ह्याचंही उत्तर त्याच बारीक अक्षरांतल्या कागदात आहे. क्लोबेटासोलच्या अमेरिकी माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय की दिवसाला अवघे २ ग्रॅम लावूनही शरीराच्या स्वतःच्या स्टिरॉइडनिर्मितीवर, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथींच्या कामावर, परिणाम झालेला दिसला आहे. २ ग्रॅम! त्वचा ही काही प्लास्टिकची शीट नाही, त्यातून औषध आत जातं. पापण्या, चेहरा, काखा, जांघा इथे तर अजून जास्त जातं, कारण तिथली त्वचा पातळ. वरून प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी गुंडाळली तर आणखी जास्त. म्हणून त्याच कागदात पुढे लिहिलेलं असतं: चेहरा, काख आणि जांघ इथे वापरू नका, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नको, सलग दोन आठवड्यांच्या वर नको.

दोन आठवडे. आता तुमच्या ओळखीत ट्यूब वापरणारं कुणी असेल तर विचारून बघा, किती दिवस लावताय? आमच्या ऑफिसातला एक मुलगा आठ महिने लावत होता. त्याला कुणी थांब म्हणालंच नव्हतं. ट्यूब संपली की रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवायची, नवीन मिळायची. चिठ्ठी? कसली चिठ्ठी? रिकामी ट्यूब हीच चिठ्ठी! आता त्याच्या मांडीवर लांबच लांब जांभळट रेघा उमटल्यात. त्या फिकट होतील, पण जाणार नाहीत. चट्टे गेले का? तेही नाहीत. ट्यूबचा परिणाम हळूहळू कमी होत गेला आणि थांबवली की दुप्पट जोमाने परत.

हे 'परत येणं' हलक्यात घेऊ नका. जहाल स्टिरॉइड बरेच दिवस वापरून एकदम बंद केलं की सोरायसिस उसळून येऊ शकतो. कधीकधी तो नेहमीच्या चट्ट्यांच्या रूपात न येता पुवाच्या बारीक पुळ्यांच्या रूपात अंगभर पसरतो, ताप येतो आणि गाठ थेट हॉस्पिटलशी पडते. पोटातून घेतलेल्या किंवा इंजेक्शनने टोचलेल्या स्टिरॉइडच्या बाबतीत ही भीती आणखी मोठी. म्हणून "एक इंजेक्शन मारतो, लगेच मोकळे व्हाल" असं सोरायसिसच्या पेशंटला कुणी म्हणालं तर उठून दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला अजिबात लाजू नका.

कायद्याचं काय? बरीच वर्षं 'शेड्युल एच'मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांच्या यादीत, बाहेरून लावायच्या औषधांसाठी पळवाट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं आरडाओरडा केला. शेवटी २०१८ साली सरकारने चौदा स्टिरॉइड्सच्या मलमांसाठी ती पळवाट बुजवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली काही क्रीम्सही होती. ह्या खिचडी-क्रीमचं तत्त्वज्ञान फार सोपं: आजार कुठला ते बघायचं नाही, सगळ्यांवर एकदम गोळ्या झाडायच्या, एक तरी लागेल! गजकर्णावर स्टिरॉइड लावलं की खाज थांबते, लाली जाते आणि आतल्या आत बुरशी आरामात पसरते. मग त्याचं मूळ रूपच इतकं बदलतं की डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. आणि गजकर्ण समजून सोरायसिसला किंवा सोरायसिस समजून गजकर्णाला ट्यूब लावणारे घरोघरी आहेत.

कायदा झाला, पण काउंटर तेच आहे आणि रिकामी ट्यूब अजून चालते. तेव्हा सरकारच्या भरवशावर कातडी सोडून चालणार नाही.

आता जरा डॉक्टरांकडे वळू. रागावू नका डॉक्टरसाहेब, पण चिठ्ठीवर तुम्ही काय लिहिता? औषधाचं नाव, पुढे 'एल ए' आणि 'बीडी'. म्हणजे 'लावा, दिवसातून दोनदा'. संपलं! कुठे लावायचं, किती लावायचं, किती दिवस लावायचं आणि थांबवायचं कसं, हे कागदावर नसतं. तोंडी सांगितलेलं असतं म्हणता? बाहेर चाळीस पेशंट ताटकळलेले, आत तीन मिनिटं, त्यात पेशंट घाबरलेला. तोंडी सांगितलेलं लिफ्टपर्यंतही टिकत नाही. आमच्याकडे एखाद्याने इतक्या सूचना देऊन काही रिलीज केलं तर त्याला रात्री दोन वाजता फोन येतील. इथे फोन येत नाही, पेशंट सरळ मेडिकलमध्ये जातो.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात: ज्या ट्यूबसोबत कुठे, किती, किती दिवस आणि थांबवायचं कसं ह्या चार गोष्टी मिळाल्या नाहीत, ती ट्यूब तुम्हाला अजून अर्धीच मिळाली आहे. उरलेली अर्धी मागून घ्या. हक्काने.

कुठे. कोपराची ट्यूब चेहऱ्याला चालत नाही. तळहात-तळपायाची जाड कातडी, कोपर-गुडघे, डोकं, चेहरा आणि शरीराच्या घड्या, ह्यांची औषधं वेगळी असू शकतात. डोक्यात मलम थापून काही होत नाही, केस चिकट होतात फक्त. तिथे लोशन किंवा तत्सम पातळ प्रकार देतात. चेहरा आणि घड्यांसाठी सौम्य स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमससारखं बिगर-स्टिरॉइड औषध डॉक्टर निवडतात. एका घरात एक ट्यूब आणि सगळ्यांनी वापरायची, हा प्रकार तर ताबडतोब बंद करा. बायकोच्या कोपराची ट्यूब नवऱ्याच्या जांघेला आणि बाळाच्या लंगोटाखालच्या रॅशला! लंगोट म्हणजे आयती घट्ट पट्टीच की.

किती. ह्यावर १९९१ साली ब्रिटनमधल्या लाँग आणि फिनले ह्या दोघांनी एक झकास माप काढलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून क्रीमची एक सरळ रेघ ओढायची. ते झालं एक बोटाचं माप, साधारण अर्धा ग्रॅम. ते मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरतं. आता हिशेब करा. दोन्ही कोपरांवर मिळून दोन पंजांएवढे चट्टे आहेत आणि दिवसातून दोनदा लावायचंय. म्हणजे दिवसाला १ ग्रॅम, दोन आठवड्यांना १४ ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमची एक ट्यूब. ती चार दिवसांत संपत असेल तर तुम्ही लोणी लावताय. दोन महिने पुरत असेल तर तुम्ही औषधाचा नुसता वास देताय, आणि मग "काही उपयोग होत नाही" म्हणून आणखी जहाल ट्यूब मागताय. पातळ थर, फक्त चट्ट्यावर, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर नाही. नंतर हात धुवायचे (चट्टे हातावरच असतील तर अर्थातच नाही). आणि मॉइश्चरायझर लगेच त्यावर थापायचा नाही, दोन्हींत थोडा वेळ जाऊ द्यायचा.

किती दिवस. तारीख मागा. 'बरं वाटेपर्यंत' ही तारीख नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शनानुसार अतिजहाल स्टिरॉइड एका जागी सलग चार आठवड्यांच्या वर नको, जहाल असेल तर आठ आठवड्यांच्या वर नको, आणि दोन कोर्समध्ये चार आठवड्यांची विश्रांती असावी. अमेरिकी माहितीपत्रक दोन आठवडे म्हणतं ते वर आलंच. तुमच्यासाठी कुठला आकडा हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण आकडा असायला हवा. तो कॅलेंडरवर टाका. स्प्रिंटच्या तारखा टाकता ना, तसाच.

थांबवायचं कसं. हा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि खरा घात इथेच होतो. दिवसाआड करायचं का? मग आठवड्यातून दोनदा? मधल्या दिवसांत दुसरं काही लावायचं का? चट्टे बसल्यावर फक्त शनिवार-रविवार स्टिरॉइड आणि बाकीचे दिवस कॅल्सिपोट्रिऑल अशी 'वीकएंड थेरपी' खरंच लिहून देतात. कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या जातकुळीतलं औषध, स्टिरॉइड नव्हे. काम सावकाश करतं, काही आठवडे धीर धरावा लागतो. पण त्याने कातडी पातळ होत नाही. त्याचंही मॅन्युअल आहे बरं का: मोठ्या माणसाने आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर जायचं नाही, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. चेहऱ्यावर आग होते. आणि सॅलिसिलिक अॅसिडच्या मलमाबरोबर लावलं तर ते निकामी होतं. म्हणजे दोन चांगली औषधं एकत्र लावून बेरीज शून्य!

आता दुसऱ्या पार्टीकडे. "बाप रे, स्टिरॉइड? मी नाही बुवा लावणार!" ही मंडळी चिठ्ठी घरी आणून गूगल करतात, घाबरतात आणि ट्यूब न उघडता ठेवून देतात. किंवा दोन दिवस लावून सोडतात. मग फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य' असं काहीतरी पाठवतं आणि दोन हजार रुपयांची डबी घरी येते. ह्यांना मी एकच गोष्ट सांगतो.

१९९०च्या दशकात 'स्किन-कॅप' नावाचा एक स्प्रे अमेरिकेत सोरायसिसवाल्यांमध्ये तुफान गाजला. स्पेनमध्ये तयार होणारा, चिठ्ठीशिवाय मिळणारा. घटक? झिंक पायरिथिऑन, म्हणजे कोंड्याच्या शाम्पूत असतं ते. लोकांचे वर्षानुवर्षांचे चट्टे काही दिवसांत साफ! चमत्कारच. मग १९९७ साली तपासण्या झाल्या आणि त्यात निघालं क्लोबेटासोल. लेबलवर नसलेलं, सगळ्यात जहाल वर्गातलं स्टिरॉइड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोकांना तो वापरू नका म्हणून बजावलं. विचार करा, स्टिरॉइड नको म्हणून ज्यांनी तो घेतला, ते सगळ्यात तगडं स्टिरॉइड बिनहिशेबी फवारत होते. आणि हे एकटंदुकटं उदाहरण नाही. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक तपासणी छापून आली: त्वचारोगांसाठी दिल्या गेलेल्या ११ चिनी हर्बल क्रीम्सपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सापडलं.

माझा राग आयुर्वेदावर किंवा कुणाच्या परंपरेवर नाही. खोबरेल तेल मीही लावतो, खपल्या मऊ पडतात, बरं वाटतं. माझा राग लेबल नसलेल्या डबीवर आहे. ज्या सोरायसिसला मोठमोठी औषधं आठवडे घेतात, तो चार दिवसांत साफ करणारी डबी दिसली की पहिला प्रश्न "किती छान!" असा नको, "आत काय आहे?" असा हवा. साइड इफेक्ट शून्य असं लिहिलेल्या वस्तूचा एक तर इफेक्टही शून्य असतो, नाहीतर लिहिणारा काहीतरी लपवतोय.

"तुला बोलायला काय जातं? स्किनच्या डॉक्टरची फी बघितलीस का?" असं कुणी म्हणेल. मान्य आहे. फी आहे, रांग आहे, अर्धा दिवस सुट्टी टाकावी लागते. तालुक्याच्या गावात तर त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतो. त्या माणसाला मी दोष देणार नाही. पण हा ब्लॉग वाचणारे तुम्ही-आम्ही त्यांतले नाही. आपल्याकडे कंपनीचा मेडिक्लेम आहे, पुण्यात प्रत्येक चौकात स्किन क्लिनिक आहे, आणि फोनच्या नव्या मॉडेलवर आपण महिनाभर रिसर्च करतो. आपल्याला वेळ नसतो असं नाही. आपल्याला लाज वाटते. हाफ शर्ट घालायची लाज, डॉक्टरसमोर कपडे काढायची लाज. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लग्न! कांदेपोह्यांच्या आधी पंधरा दिवस कोपरं साफ व्हायला हवीत म्हणून घरचेच ट्यूब आणून देतात. मुलींच्या बाबतीत हा जाच दसपट. साखरपुड्यापर्यंत चट्टे दाबायचे, लग्नानंतर ट्यूब अचानक बंद, आणि मग तो उसळून आला की "आम्हाला सांगितलं नव्हतं". जो आजार शिवून होत नाही तो लपवण्यासाठी जन्मभराच्या रेघा विकत घ्यायच्या, हा कुठला व्यवहार?

आणि काही वेळा ट्यूब हे उत्तरच नसतं, हेही समजून घ्या. एक पंजा म्हणजे साधारण अंगाचा एक टक्का. दहा-बारा पंजे भरतील इतके चट्टे असतील तर वर केलेला हिशेब परत मांडून बघा. आठवड्याला किती ट्यूबा लागतील ते तुमचं तुम्हालाच कळेल. अशा वेळी प्रकाशोपचार आहेत, मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या आहेत, बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. सकाळी उठल्यावर बोटं किंवा टाचा आखडत असतील, एखादं बोट सुजत असेल, तर ते कीबोर्डवर ढकलू नका. सोरायसिस असलेल्या दहांतल्या दोन-तीन जणांच्या सांध्यांपर्यंत हा आजार पोचतो, आणि सांध्याचं झालेलं नुकसान कुठलीही क्रीम भरून काढत नाही. दुसऱ्या कशासाठी गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. रक्तदाबावरचे बीटा ब्लॉकर किंवा लिथियम सोरायसिस भडकवू शकतात. अंगभर लाली, ताप, पुवाच्या पुळ्या असं काही दिसलं तर लेख वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तेव्हा ह्या वीकएंडला एवढंच करा. बेसिनवरचं ते कपाट उघडा. त्यातल्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा. प्रत्येकीवरचं ते बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. शेवटी 'सोन', 'सोल', 'नाइड' असं काही दिसलं तर बहुधा ते स्टिरॉइड आहे. ती कुणाची, कशासाठी, कधीपासून आणि कुणी सांगितली, ह्याची उत्तरं घरात कुणाकडेही नसतील तर तिची जागा त्या कपाटात नाही. आणि कुणी आत्ता रोज लावत असेल तर लेख वाचून आजच तडकाफडकी बंद करायला लावू नका, त्यानेच ती उसळी येते. ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा आणि चारही प्रश्न विचारा. डॉक्टर वैतागले तर वैतागू देत. कातडी आपली आहे.

आणि तरीही कुणी म्हणालं, "एवढं काय, नुसती क्रीमच तर आहे", तर त्याला हा लेख फॉरवर्ड करा. फॅमिली ग्रुपवर त्या 'शंभर टक्के नैसर्गिक' डबीच्या बरोब्बर खाली. :)